अनसूया मागं चालत होती

कंदील जरा बारीक कर, हिंमत. हां, बस एवढा.

रामलिंगला निघालात म्हणं उद्या, दोघं? जा की. चांगली जागा हाय. झाडी हाय, ओढा हाय, मोर तर कोंबड्या फिराव्यात तसे फिरतात. पण मघाशी तू त्या गाडीवाल्याला हळूच काय इचारत होतास? बंदी असली तरी येडशीच्या शिवारात शिंदी मिळती का म्हणून? मला ऐकू कमी येतं रे, पण एवढं कमी न्हाय.

रागवत न्हाय मी. बस. प्रेमला, तूबी बस. नवऱ्याबरोबर जायचंय ना तुला? मग ऐकलेलं बरं.

पंचावन्न सालची गोष्ट. निजाम जाऊन सात वर्षं झाली होती, पण आपण अजून हैदराबादेतच मोडत होतो. मी येडशीला शाळेवर होतो. स्टेशनाच्या अलीकडं एक खोली घेतली होती भाड्यानं. धाराशिवला बलभीम नावाचा माझा दोस्त होता, कचेरीत कारकून. माणूस वाईट न्हवता. हसरा, चार माणसांत बसणारा. घरात मात्र बोलायचा न्हाय. घरात बोलायचं असतं हे त्याला कुणी शिकवलंच न्हवतं.

तर दसरा झाल्यावर तो माझ्याकडं आला, खोलीची किल्ली मागायला. म्हणाला, "अण्णा, तू पुनवेला तुळजापूरला जाणार. खोली मोकळीच हाय. अनसूयेला रामलिंग दाखवून आणतो. एक रात्र ऱ्हाऊ, दुसऱ्या दिवशी परत."

मला बरं वाटलं. अनसूया म्हणजे त्याची बायको. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, मूलबाळ न्हाय. माहेर सोडलं तर कुठं गेली न्हवती ती. किल्ली दिली. मग हा खालच्या आवाजात म्हणतो, "रामलिंगाच्या वरच्या अंगाला बन हाय ना शिंदीचं? तिथला माणूस वळखीचा हाय. सकाळी उतरवलेली गोड लागती, दुपारची आंबूस, आन दिवस कलला की निस्ती आग. एकाच झाडाची, तीन चवी. एका बैठकीत तिन्ही बघायच्यात."

"मग अनसूयावहिनी?" म्हणालो.

"ती बसंल की झाडं बघत."

असं ठरलं होतं सगळं. किती वाजताची मोटार, कुठं उतरायचं, डबा कुठं खायचा, बनात कधी जायचं. महिनाभर मनात घोळवलेला बेत होता त्याचा. त्यात बायको कुठं बसवायची, तेवढंच ठरवायचं ऱ्हायलं होतं.

तुळजापूरला जाताना मी त्याच्या घरी डोकावलो, तर अनसूयेची नुसती धांदल. शेजारच्या कमलबाईकडनं हिरवं लुगडं मागून आणलेलं. दशम्या, शेंगदाण्याची चटणी. रात्रीला म्हणून ज्वारीचं पीठ, बेसन, मीठ, सगळ्याच्या पुरचुंड्या बांधलेल्या. मला म्हणाली, "भावजी, धबधबा बघितलाय तुम्ही? पाणी वरनं पडतं म्हंजी कसं पडतं? पावसावानी?"

म्हणालो, "न्हाय वहिनी. पाऊस तुटक पडतो. हे सलग पडतं. आवाज लई हुतो. आपण बोललेलं आपल्यालाच ऐकू येत न्हाय."

ती हसली. "मग आमच्यात काय फरक पडायचा न्हाय," म्हणाली.

त्यानंतर मी तिला बघितलं न्हाय. जिती.

पुढचं मला बलभीमनं सांगितलं. एकदा न्हाय, लई वेळा सांगितलं. दर वेळी तेच, शब्द न बदलता.

पुनव झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी, आश्विन वद्य प्रतिपदेला ते निघाले. पिठामिठाच्या पुरचुंड्या खोलीवर ठेवल्या. दर्शन झालं. ओढ्याकाठी डबा खाल्ला. पाऊस लांबलेला, त्यामुळं पाण्याला जोर होता. अनसूया पडणाऱ्या पाण्याकडं बघतच बसली. जेवायची शुद्ध न्हाय. यानं हात धुतले, म्हणाला, "मी जरा वर जाऊन येतो. तू या उंबराखाली बस. हलू नको."

तिनं इचारलं, "मी येऊ का? वरनं पाणी कसं दिसतं बघते."

"तिथं बाया येत न्हायत," म्हणाला, आणि गेला.

जरा वेळात येतो म्हणून गेलेला माणूस. तिथं शिंदीवाला होता, आणखी दोघं-तिघं होते. सकाळची झाली. दुपारची झाली. तिसरी चव बघायची तर दिवस कलायला पाहिजे. मग बसला वाट बघत. शिंदीसाठी वाट बघितली त्यानं. बघा म्हंजी.

उतरला तेव्हा दिवस बुडून अंधार पडायला लागलेला. देवळाकडं गेलाच न्हाय तो. वरच्या वाटेनं थेट उंबराकडं आला. देवळाकडं दिवे दिसत होते, माणसांचा गलका येत होता. याला वाटलं, आरती असंल.

उंबराखाली ती उभी होती.

पदर पार कपाळाच्या खाली ओढलेला. हातात काय न्हाय.

"चल," म्हणाला. "उशीर झाला जरा."

आणि चालायला लागला. आपल्याकडची रीत तुम्हाला म्हाईत हाय. गडी पुढं, बाई मागं. तोंड फिरवून बघायचं न्हाय. बलभीमनं सात-आठ वर्षांत कधी बघितलं न्हवतं, त्या दिवशी का बघंल?

वाटेनं हा बोलत होता. शिंदी पोटात असली की याला बोलायला यायचं. शिंदीवाला कसा लबाड हाय, साहेब कसा त्रास देतो, पुढच्या साली नळदुर्गला जाऊ, तिथंबी पाणी पडतं. मागनं उत्तर न्हाय. पण मागनं उत्तर कधीच नसायचं. म्हणून त्याला काय वेगळं वाटलं न्हाय.

प्रेमला, समजतंय का? काय वेगळं वाटलं न्हाय त्याला.

स्टेशनाजवळ फाटक लागतं. फाटकवाला म्हातारा मला वळखायचा, माझ्या खोलीवर पाव्हणा येणार म्हणून त्याला म्हाईत होतं. तो म्हणाला, "आलात का? आन बाईसाहेब?"

"मागं हाय न्हवं," बलभीम म्हणाला.

म्हाताऱ्यानं कंदील वर केला. बलभीमच्या खांद्यावरनं मागं बघितलं.

बघतच ऱ्हायला.

मग कंदील खाली घेतला. खोपटात गेला, आतनं कडी घातली.

बलभीम हसला. म्हणाला, येडं हाय म्हातारं.

खोली उघडली. चिमणी लावली. ती भिंतीकडनं आत आली. चुलीच्या कोपऱ्यात गेली. पाठमोरी बसली. हा बाजेवर आडवा झाला, डोळ्यावर हात घेऊन. जाळ धरल्याचा वास आला. मग भाकरी थापल्याचा आवाज. थप... थप... थप...

रोजचाच आवाज. गुंगी आली त्याला.

डोळे उघडले तर ताट पुढं. पिठलं-भाकरी. ती चुलीकडं, पाठमोरीच.

घास घेतला. अळणी.

"मीठ न्हाय ह्यात."

...

"अनसूया, मीठ घाल म्हणलं."

...

मग तो चिडला. म्हणाला, एवढी हौस करून आणली तुला, तर तोंड फुगवून बसलीस. पाणी बघायचं होतं, बघितलंस ना? आता काय उरलं? असं लई बोलला. सगळं त्या पाठीला बोलला. आणि बोलत बोलत ते अळणी सगळं खाल्लं. भूक लागली होती.

ताट न्यायला हात पुढं आला. याची बोटं लागली त्या हाताला.

गार.

हिवाळ्यातल्या दगडावानी गार.

तेव्हा म्हणं त्यानं इचारलं. अख्ख्या संसारात पहिल्यांदा इचारलं असंल. म्हणाला, "थंडी वाजती का गं?"

चिमणी फडफडली.

मग तिकडनं आवाज आला. बारीक. वला.

"लई येळ लावला तुम्ही..."

एवढंच.

"बरं, झोप आता," हा म्हणाला. आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

सकाळी दार वाजलं. बाहेर रामलिंगाचा गुरव होता, त्याची बायको नागूबाई होती, गावचे चार गडी होते. गुरव म्हणाला, "राती बनात, गावात, समदीकडं हुडकलं तुम्हाला. आत्ता फाटकवाल्यानं ही खोली दावली. तुमची मंडळी धबधब्याखालच्या डोहात पडली वो. दुपारीच पडली. तिचा तांब्या तरंगताना दिसला म्हणून कळलं."

बलभीम म्हणाला, "गप बसा. ती आत झोपलीय."

नागूबाई पुढं आली. म्हणाली, "दिवेलागणीला काढली तिला. तवापास्नं माझ्या मांडीवर डोकं हाय तिचं, दादा. हिरवं लुगडं. आत्ता सुनेला बसवून आले तिथं."

हा मागं वळला. दार तर यानंच आत्ता आतनं उघडलं होतं.

खोलीत कुणी न्हवतं.

त्यानंतर बलभीमचं काय झालं म्हणता? काय व्हायचंय? गड्याचं काय होत न्हाय. वर्षाच्या आत दुसरं लग्न लावलं घरच्यांनी. शिंदी सुटली. पण एक झालं, रस्त्यानं जाताना बायकोला पुढं घालायचा, आपण मागं. लोक हसायचे, बाईलबुद्ध्या म्हणायचे. हसू दे. ती बाई कुठं पाय ठेवती, कुठं थांबती, डोळ्यात तेल घालून बघायचा तो. अनसूयेच्या वाट्याचं दुसरीला मिळालं. असंच असतं. एकीनं मरायचं, तवा दुसरीकडं बघायचं.

काय म्हणालास हिंमत? नशेत सपान पडलं असंल?

असंल. पोलीस पाटलानं तेच लिवून घेतलं. बाई डोहात पडली, नवऱ्याला शिंदी लई झाली होती, शुद्ध न्हवती म्हणून. आणि मीबी तेच म्हणालो, पहिल्यांदा. सकाळच्या मोटारीनं मी येडशीला उतरलो, तेव्हा खोलीपुढं ही गर्दी. बलभीम उंबऱ्यावर बसलेला. त्याला ओलांडून मी आत गेलो. म्हणालो, यानंच काहीतरी करून खाल्लं असंल, नशेत आठवत न्हाय.

चूल अजून कोमट होती.

माझा माठ मी तुळजापूरला जाताना पालथा घालून गेलो होतो. तो तसाच पालथा होता. कोरडा ठणठणीत. हीर तर पार गावात, लांब. रात्रीतनं कुणी पाणी भरलेलं न्हवतं.

पण काठवटीत मळलेलं पीठ होतं. एका भाकरीचं उरलेलं. वरनं फडकं झाकलेलं, बायका झाकतात तसं. फडकं काढलं. पिठावर चार बोटं उठली होती. बारीक. बाईची.

मी गोळा उचलला. वला होता अजून. दोन्ही हातांनी फोडला...

आत हिरवं शेवाळ होतं. डोहातलं. पार आतपर्यंत मळलेलं.