सातवा पाळणा कुरकुरत नव्हता

ही गोष्ट खरी आहे.

ज्याला खोटी वाटेल त्याने दमनहूरला यावं, माझ्या भावाच्या घरी चहा प्यावा, आणि त्याच्या तोंडाकडे बघून खोटी म्हणून दाखवावी.

भुतं रात्रीच येतात असं कोणी ठरवलं, कोण जाणे. हे घडलं ते भर उन्हात. शम्म अल-नसीमच्या, म्हणजे वसंताच्या सणाच्या सोमवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. पंधरा वर्षं झाली त्याला. त्या सणाला आमच्याकडे घरात कोणी थांबत नाही. कालव्याच्या काठावर हजारो माणसं खारवलेला मासा आणि हिरवे कांदे खात बसली होती. त्यांतली एक मीही होते.

माझा धाकटा भाऊ वगीह. बरहामींच्या मनोरंजन बागांमध्ये फिटर होता.

हाज बरहामीची सुरुवात एका लाकडी झोपाळ्यावर झाली. होडीच्या आकाराचा, चार पोरं बसतील एवढा. गाढवगाडीवर घालायचा आणि जिथे उरूस तिथे उभा करायचा. मग तांता शहरात पहिली बाग झाली. मग झगाझीग, मनसूरा... बघता बघता पाच शहरांत पाच बागा. दमनहूरची सहावी, याच कालव्याच्या काठावर.

हाजचा एक नेम होता. नवं यंत्र आलं की वासरू कापायचं. मांस गोरगरिबांना. आणि रक्तात हात बुडवून प्रत्येक कामगाराने त्या यंत्रावर पंजा उमटवायचा. नजर लागू नये म्हणून. त्याआधी तो कळ दाबू द्यायचा नाही. तो लाकडी झोपाळाही प्रत्येक नव्या बागेच्या दारात आणून ठेवायचे. त्याच्या फळ्यांवर पहिल्या दिवसापासूनचे पंजे आहेत. प्रत्येक पंजाखाली खिळ्याने कोरलेलं नाव.

आणि हाजचा उजवा हात होता उस्ता रिज्क. उस्ता म्हणजे वस्ताद कारागीर.

वगीह सगळं शिकला ते या रिज्ककडे. तरुणपणी दात्यांच्या चाकात त्याच्या डाव्या हाताचं एक बोट गेलं होतं. त्यामुळे तांतापासून मनसूरापर्यंत सगळे त्याला चारबोट्या म्हणायचे. त्यालाही राग नव्हता.

'अरे, उरलेली मोजा ना,' म्हणायचा.

रिज्क यंत्र कानाने तपासायचा. पान्याने तीनदा टकटक करायची. मग लोखंडावर तळवा टेकून डोळे मिटायचे. तो हात काढेपर्यंत कोणी हलायचं नाही, हा त्याचा कायदा. दोष सापडला की तिथे ग्रीसचा पंजा मारून पुढे जायचा. मागून येणाऱ्या पोरांना कळायचं, दुरुस्ती इथे आहे.

'कुरकुरणाऱ्या लोखंडाला भिऊ नकोस,' वगीहला सांगायचा. 'कुरकुरतं म्हणजे जिवंत आहे. गप्प बसलेल्याला भ्यायचं.'

हाज वारला आणि कारभार मुलाकडे आला. हातेम. बाहेर शिकून आलेला. सगळे त्याला बाशमुहंदिस म्हणायचे, म्हणजे मोठे इंजिनियर साहेब. त्याने पहिलं काम काय केलं, तर रिज्कला घरी बसवलं.

'उस्ता, कानाने यंत्र तपासायचे दिवस गेले. आता आराम करा.'

रिज्कने पाना टेबलावर ठेवला आणि निघून गेला. तीन महिन्यांत गेला बिचारा. आपल्या अंथरुणात, शांतपणे. शेवटच्या दिवशी वगीह उशाशी होता. म्हातारा एवढंच म्हणाला...

'मी हात लावल्याशिवाय काही फिरवू नका.'

वगीहला वाटलं, तापात बडबडतोय.

दमनहूरच्या बागेसाठी हातेमने समुद्रापलीकडून आकाशपाळणा आणला. तिकडची कुठली तरी बाग बंद पडली, तिथला. वीस पाळण्यांचा. रंग नवा, लोखंड जुनं. वासराचं नाव काढलं तर साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या.

'उद्घाटनाला गोरे भागीदार येणार आहेत. त्यांच्यासमोर रक्तात हात बुडवणार तुम्ही? फीत कापायची. बास.'

कामगार कुरबुरले. सलामा म्हणून एक होता, कळ चालवणारा. तो म्हणाला, 'साहेब, फितीने नजर उतरत असती तर शिंप्याचं दुकान कधी बुडालंच नसतं.'

सगळे हसले. वगीह मात्र हसला नाही.

त्याच्या मनात वेगळंच होतं. आठवडाभर पाळण्यांत वाळूची पोती ठेवून चाचणी चालली होती. चाक फिरलं की प्रत्येक पाळणा वगीहच्या डोक्यावरून जाताना कुरकुरायचा. पहिला कुरकुरायचा. दुसरा. तिसरा. सहावा.

सातवा आला की... काहीच नाही.

आठवा पुन्हा कुरकुरायचा.

पहिल्या दिवशी त्याला वाटलं, आपलं लक्ष नव्हतं. दुसऱ्या दिवशी कान देऊन ऐकलं. तेच. मग त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. दुपारी चाक थांबलं की चिमण्या येऊन बसायच्या. एकोणीस पाळण्यांवर बसायच्या.

सातव्यावर एकही नाही.

गुरुवारी दुपारी सगळे जेवून सावलीत आडवे झाले होते. वगीहचा डोळा लागत होता. तेवढ्यात...

टक. टक. टक.

पान्याचा आवाज. मग शांतता. कोणीतरी तळवा ठेवून ऐकावं, तेवढीच.

टक. टक. टक.

तो उठून बाहेर आला. चाकाजवळ कोणी नव्हतं. पाने पेटीत होते, पेटीला कुलूप होतं. कुलपाची किल्ली त्याच्याच खिशात होती.

तो तडक हातेमकडे गेला. भुताचं बोलायची हिंमत नव्हती, म्हणून आवाजाचंच बोलला.

'साहेब, सातवा कुरकुरत नाही.'

'म्हणजे आवाज येत नाही, ही तक्रार?' हातेम म्हणाला. 'अरे भल्या माणसा, बाकीच्या एकोणीसांना तेल घाल. ही यादी घे आणि सही कर.'

वगीहने यादी पाहिली. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा होत्या. पाळणे ज्यांवर लटकतात त्या पिना बसवून वर रंग दिलेला होता, बाहेरून बोट ठेवायला जागा नव्हती. त्याने सही केली. माझा भाऊ भित्रा नाही, पण साहेबापुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटते. लहानपणापासून तसाच.

सोमवार उजाडला.

सकाळी सात वाजता सलामा धावत वगीहकडे आला. चेहरा फुललेला.

'उस्ता, चल लवकर. तो येऊन गेला.'

'कोण?'

'चारबोट्या.'

सातव्या पाळण्याच्या पिवळ्याधमक दारावर पंजा उमटला होता. काळपट तांबडा. चार बोटं. पाचव्याच्या जागी मोकळा पिवळा रंग.

वगीह दोन पावलं मागे सरला. पण कामगारांचा आनंद काय विचारता. साहेबांनी वासरू नाही कापलं, तर म्हाताऱ्याने कबरीतून येऊन आशीर्वाद दिला. प्रत्येकाने त्या दाराला हात लावून घेतला. कोणीतरी सरबत वाटलं. वगीहनेही बोट लावलं आणि कपाळाला टेकवलं. त्याचे डोळे भरून आले. आठवडाभराची धाकधूक एका क्षणात उतरली. ती टकटक, ती शांतता... उस्ता आपल्या पाठीशी होता तर.

हातेमला काय, फोटोशी मतलब. म्हणाला, 'छान आहे. पहिलं मूल याच पाळण्यात बसवा. कोणाचं बसवायचं?'

वगीह म्हणाला, 'माझी नवारा.'

नवारा त्याची एकुलती एक. आठ वर्षांची. सणासाठी शिवलेला पांढरा फ्रॉक घालून माझ्याशेजारी अंडी रंगवत बसली होती. वगीहने स्वतःच्या हाताने तिला उचललं. स्वतःच्या हाताने सातव्यात बसवलं. स्वतःच्या हाताने दाराची कडी लावली.

हे तीनदा सांगतेय, कारण तो अजून तीनदाच सांगतो.

मलाही म्हणाला, 'ताई, बस ना तिच्यासोबत.' मी म्हटलं, माझे पाय जमिनीवरच बरे. तेही मला आयुष्यभर खाणार आहे.

फीत कापली. चाक हळूहळू वर जाऊ लागलं. थांबायचं, एक पाळणा भरायचा, पुन्हा सरकायचं. हातेमने वगीहला हाक मारली. दारातला जुना झोपाळा पाहुण्यांच्या वाटेत येतोय, जरा बाजूला सरकव.

मी तिथेच चटईवर बसले होते. कांदे आणि माशाचा वास असा सुटला होता की दुसरा कुठला वास नाकाला कळणं शक्य नव्हतं. वगीहने झोपाळ्याच्या फळीला हात घातला. ओणवा झाला. आणि तसाच राहिला.

'काय झालं रे?'

 मी उठून पाहिलं. फळीवर तीस वर्षांपूर्वीचा पंजा होता. खाली कोरलेलं नाव... रिज्क.

पाच बोटं.

'ताई,' तो म्हणाला. आवाज ओळखू येईना. 'आशीर्वादाचा हात उजवा. उस्ताचा उजवा हात धड होता.'

मला समजलं नाही. त्याने स्वतःचं बोट नाकाशी धरलं. सकाळी दाराला लावलेलं तेच बोट. नखात अजून चिकट काळं होतं.

रक्त वाळतं. ग्रीस वाळत नाही.

उजव्या हातात पाना धरून, डाव्या हाताने रिज्क काय करायचा, ते मला तेव्हा आठवलं. तो आशीर्वाद नव्हता, दुरुस्तीची खूण होती.

वगीह धावला. मी त्याला तसं धावताना आधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. सलामाचा हात कळीवरून ढकलून त्याने वीज तोडली. चाक थांबलं. सातवा अगदी माथ्यावर होता. पांढऱ्या फ्रॉकचा ठिपका दिसत होता.

हातेम ओरडत आला. भागीदार बघत होते. वगीहने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हाताने चाक फिरवायचा लोखंडी दांडा काढला, बसवला आणि फिरवायला लागला. तसूतसूने. गर्दी गप्प झाली. हजारो माणसं आणि चिटपाखराचा आवाज नाही.

आणि मग वरून...

टक. टक. टक.

मी ऐकलं. सलामाने ऐकलं. हातेमनेही ऐकलं, कारण त्याचं ओरडणं तिथेच थांबलं.

टकटक चालू असेपर्यंत वगीह दांडा फिरवायचा. थांबली की तोही थांबायचा. पुन्हा ऐकू आली की पुन्हा फिरवायचा. असं पंचवीस मिनिटं. त्याच्या तळहातांची सालं निघाली. त्याचं तोंड चालू होतं, पण तो प्रार्थना करत होता की उस्ताशी बोलत होता, ते त्यालाच ठाऊक.

सातवा खाली आला. कडी निघाली. नवारा ताठ बसली होती. पापणीही हलत नव्हती. वगीहने तिला छातीशी धरलं.

ती म्हणाली, 'मी हलले नाही बाबा. हात काढेपर्यंत हलायचं नसतं ना?'

'कोणाचा हात?'

'पाठीवरचा.'

तिने रिज्कला कधी पाहिलं नव्हतं. वगीहने तो कायदा तिला कधी सांगितला नव्हता. मी त्याला शपथ घालून विचारलंय.

सलामाने पाळण्याच्या पिनेवरचा रंग खरवडला. आत चीर. पिन हातात घेतली तर दोन तुकडे झाले. दारावर पाहिलं, तर दार स्वच्छ पिवळं. पंजाचा डागही नाही.

हातेमने दुसऱ्या दिवशी मुकाट वासरू आणलं. वीसच्या वीस पिना बदलल्या. आज त्यांच्या अकरा बागा आहेत, आणि सगळीकडे वासरू कापतात. वगीहने मात्र नोकरी सोडली. आता पाण्याचे पंप दुरुस्त करतो.

इथे संपलं असतं तर मी ही गोष्ट हसत सांगितली असती.

त्या दिवशी घरी आल्यावर मी नवाराचा फ्रॉक उतरवला. पाठीवर आणि फ्रॉकच्या आतल्या बाजूला, दोन खांद्यांच्या मधोमध...

ग्रीसचा पंजा. चार बोटं.

वगीह भिंतीला टेकून खाली बसला. मी म्हटलं, 'अरे वेड्या, म्हाताऱ्याने धरून ठेवलं तिला. वाचवलं.'

'धरायचं तर उजव्याने धरलं असतं.'

'उजव्याने पिन धरली असेल.'

मी बोलून गेले खरी. पण दोघांच्याही मनात तेच होतं. रिज्क तो पंजा कुठे मारायचा, ते आम्हाला माहीत होतं.

अलेक्झांड्रियाला नेलं. काळीज, फुप्फुसं, पाठीचे मणके, सगळं तपासलं. डॉक्टर म्हणाले, मुलगी ठणठणीत आहे. दर वर्षी नेतो. दर वर्षी तेच सांगतात. यादीतल्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा.

नवारा आता तेवीस वर्षांची आहे. पुढच्या महिन्यात तिचं लग्न. फ्रॉक मी शंभर वेळा धुतला असेल, डाग गेला नाही. माझ्या कपाटात आहे.

परवा ती स्वयंपाकघरात कांदा चिरत होती. वगीह हळूच मागून आला. तिच्या पाठीवर तळवा टेकला आणि डोळे मिटले. रोजच करतो. ती आता हसते त्याला.

'काय म्हणतंय लोखंड, बाबा?'

'काही नाही,' तो म्हणाला.

मग बाहेर येऊन माझ्याशेजारी बसला.  मी विचारलं, काय झालं. म्हणाला, 'ताई, सातव्यातूनही काही ऐकू येत नव्हतं.'