सतरावा प्रश्न

"ताई, उत्तर मागून. आधी बाकीचे तीन का न्हाई, ते मोठ्यानं म्हणा. तुमचं हळू बोलणं देवाला ऐकू जात असंल, परीक्षेवाल्याला न्हाई."

लाइनमन लिंबाजीदादा मला असं शिकवायचे. मी वीज उपकेंद्रात ऑपरेटर. पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची आहे. दादा गेले तरी रोज तुळशीला पाणी घालून, पोथी वाचून मी पुस्तकातले तेच वीस सरावप्रश्न सोडवते. नेम आहे. कारणं मोठ्यानं म्हणते. फक्त सतराव्याची मनात.

लाइनमन परमिट (लाइन बंद ठेवल्याची लेखी परवानगी) घेऊन खांबावर आहे. लाइन चालू करण्याआधी ऑपरेटरने काय करावे?

त्या संध्याकाळी मला प्रदोषाच्या पूजेची घाई होती. दादांनी परमिट परत आणून दिलं नव्हतं. मी लाइन चालू केली. दादा खांबावरच होते.

चौकशी सोमवारी झाली. सोमवारी माझं मौन असतं. साहेब म्हणाले, "राहू द्या, लिहून द्या." मी लिहिलं, परमिट दिलेलं नव्हतं. परमिटाच्या वहीतलं त्यांचं पान आधीच फाडून पोथीच्या लाल फडक्यात ठेवलं होतं. देवाचं मौन मी लपायला वापरलं.

दारात दादांच्या घरच्या, बायनाबाई उभ्या होत्या. "ताई, लोक म्हणायलेत पिऊन चढला. परमिट घेतलं होतं ना त्यांनी?"

मी हातानंच खूण केली, घरी येऊन सांगते.

त्याला चार महिने झाले.

गेल्या शुक्रवारी सतराव्याचे तीन चुकीचे पर्याय पेन्सिलीनं खोडले. शनिवारी पान कोरं. वाटलं, खोडलेच नसतील. पुन्हा खोडले. रविवारी पुन्हा कोरं, आणि पानाला जळक्या रबराचा वास. मी उदबत्ती लावली.

आज सोमवार. प्रश्न तोच होता, पर्याय वेगळे.

अ) लाइनमन पिऊन चढला.
ब) लाइनमन न सांगता चढला.
क) परमिट दिलेलं नव्हतं.
ड)

ड पुढे काहीच नव्हतं. क छापील नव्हता. माझं अक्षर होतं.

डोळे मिटून नाम घेतलं. उघडले. तसंच.

मौन मोडलं.

"अ नाही. दादा चहासुद्धा पीत नव्हते."

"ब नाही. मला सांगून गेले."

"क नाही. पान माझ्या पोथीत आहे."

वास गेला.

फडकं सोडलं. पानावर 'परमिट परत केल्याची वेळ' हा रकाना चार महिने रिकामा होता. आता तिथे आजची तारीख होती, दादांची वाकडी सही, आणि वेळ, अकरा चाळीस.

घड्याळात साडेदहा झाले होते. अकराची पेडगावची बस धरली, तर बायनाबाईंच्या दारात पोचायला अकरा चाळीसच वाजतात.

मी चपला घातल्या. पानाची घडी करता येईना. शाई ओली होती.