‘मथुरा’ची अक्षरं

अक्षरं काढणं हा माझा धंदा. खारघरच्या फ्लॅटमध्ये बसून आठ महिने मी एक मराठी फॉन्ट काढला. उंच, जाड, अंग चोरून उभी राहिलेली अक्षरं आणि त्यांवर जुन्या पाटीसारखे पोपडे, ओरखडे. ते ओरखडे मी कुठूनही उचलले नव्हते. सुचेल तिथं खरवडत गेले, एवढंच.

तो फॉन्ट पहिल्यांदा लागला खांदेश्वरला, कुंदनच्या ‘मासळी घर’ हॉटेलच्या बोर्डावर. आठवड्याच्या आत कुंदनचा फोन आला.

“ऋता मॅडम, जरा येता का? मोरा बंदरावरची एक आजी सकाळपासून बोर्डासमोर उभी आहे. हटतच नाही. म्हणते, हे लिहिणाऱ्याला बोलव.”

मी गेले. भागीरथीआजी सत्तरीच्या असाव्यात. त्यांनी माझं मनगटच धरलं.

“पोरी, आमची होरी कुठं बघितलीस?”

“कुठली होडी, आजी?”

त्यांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो काढला. किनाऱ्यावर ओढलेली होडी, शेजारी हसणारा माणूस, होडीवर नाव : मथुरा.

“ह्यो माजा मालक, देवजी. एकतीस वर्सं झाली. होरी घेऊन गेला, तो आला नाय. एक फली पन हाती लागली नाय.”

मी मोबाईलवर त्या फोटोचा फोटो काढून मोठा केला. ‘म’च्या दांडीवर तीन तिरपे ओरखडे. खाली अर्धचंद्रासारखा उडालेला टवका. माझ्या ‘म’लाही हेच होतं, आणि तो टवका तर एका दुपारी माझा हात सटकला म्हणून पडला होता.

मी मोबाईल कुंदनसमोर धरला. त्यानं बोर्डाकडे पाहिलं, परत मोबाईलकडे.

“आयला,” तो पुटपुटला.

“खरं सांग,” आजी म्हणाल्या. “मी रडनार नाय.”

“शप्पथ, आजी. मी मनानं काढलंय हे.”

त्यांचं लक्ष नव्हतं. त्या बोर्डावरच्या ‘र’कडे बघत होत्या.

“ही खाच फोटोत नाय. ही मागून पडली.”

घरी आले. भिंतीवर दोन महिन्यांपूर्वी छापलेला नमुना लावलेला होता. त्यातला ‘र’ अख्खा होता. कॉम्प्युटरवर फाईल उघडली. ‘र’ला खाच होती, बोर्डावरच्यापेक्षा मोठी. मधल्या काळात मी त्या फाईलला हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती आणखी वाढली. ‘म’सुद्धा झिजायला लागला.

मी आजींना फोन करून ते सांगितलं, तेव्हापासून त्या रोज सकाळी फोन करायच्या. एकच प्रश्न.

“आज किती उरलाय?”

खोटं बोलावं असं रोज वाटायचं. जमायचं नाही.

“‘म’ अर्धा आहे, आजी.”

“बरं.”

असे अकरा दिवस गेले. बाराव्या सकाळी फाईल उघडली आणि मी खुर्चीतून उठलेच.

सगळी अक्षरं भरलेली होती. एकही ओरखडा नाही.

फोन वाजला.

“आजी... अक्षरं नवी झालीत.”

पलीकडून शांत आवाज आला.

“आज नारली पुनव नाय का? त्याच दिवशी होरीवरचं नाव रंगवायचा तो.”

स्क्रीनवर ‘म’च्या पायाशी रंगाचा एक ओघळ आला होता.

तो अजून खाली सरकत होता.