मोहरीचा मध

माझ्या स्कूटीच्या हँडलला मधमाश्यांचा अख्खा घोस लटकला होता, आणि मी तिरोड्याच्या बाजारात आमच्या दुकानाच्या पायरीवर किल्ली धरून नुसती उभी! लोक लांबूनच सल्ले देत होते. कोणी म्हणे धूर करा, कोणी म्हणे पाणी मारा.

"काही करत नाहीत त्या जी. घर शोधून राहिल्या."

गर्दीतून एक उंच, सावळा मुलगा पुढे आला. काहीतरी पुटपुटला आणि झोपलेलं बाळ उचलावं तशा त्यानं माश्या उघड्या ओंजळीनं टोपलीत सोडल्या.

"काय म्हणालात?"

"बिस्मिल्ला. कुरआनात नाही का, अल्लानं माशीला सांगितलं... डोंगरात, झाडात नि माणसं बांधतात त्यात घर कर. तुमची गाडी माणसानंच बांधली ना जी?"

"मग बाजारात इतक्या गाड्या असताना माझीच काऊन?"

तो हसला. "माशीची पसंद आहे. मी काय बोलू?"

नौशाद त्याचं नाव. केशोरीला त्याच्या मधाच्या पेट्या होत्या. आमचं दुकान माझ्या अब्बांचं, जडीबुटीचं. मधात शिफा आहे, आजार बरा करायचा गुण आहे, हे कुरआनातलं वचन ते गिऱ्हाइकांना रोज ऐकवायचे. तेव्हापासून त्याचा मध आमच्याकडे येऊ लागला... आणि दर जुम्म्याला तोही.

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. साल दोन हजार सहा.

"माशी नाचते कायले जी?" एकदा त्यानं विचारलं.

मी काउंटरवर बोटानं इंग्रजी आठचा आकडा काढला. फुलं कोणत्या दिशेला, किती लांब, हे ती नाचून बाकीच्यांना सांगते, असं समजावत होते. पण त्याची नजर काउंटरवर नव्हतीच. हा माशीसाठी येतो, दुकानासाठी येतो, की...? मला काही कळेना. पुस्तकातलं एकच पान मी चारदा वाचायचे.

जानेवारीत मधाच्या सगळ्या बाटल्या पांढऱ्या पडल्या. मध तुपासारखा गोठला.

"शक्कर मिलाई है!" अब्बा भडकले. "लोकांच्या औषधात साखर? आता पायरी चढू देणार नाही त्याला!"

धावतपळत कॉलेजच्या लायब्ररीत गेले. मोहरीचा मध थंडीत लवकर गोठतो, असं सापडलं आणि जीव भांड्यात पडला. पण खालीच लिहिलं होतं — भेसळीचा मधही गोठू शकतो, नुसतं पाहून सांगता येत नाही. आता काय मानायचं? गोड बोलणाऱ्या माणसाचं काही सांगावं का?

जुम्म्याला तो आला. अब्बांनी बाटली पुढे सरकवली.

"हे काय आहे?"

"मोहरीचा आहे जी. गोठतेच तो."

"खा कसम."

त्याचा चेहरा उतरला. "मधासाठी कसम नाही खात जी. पेट्या पाहून घ्या. भरवसा नसल तर बाटल्या वापस नेतो."

आणि तो खरंच एकेक बाटली पिशवीत भरू लागला. माझ्याकडे एकदाही न बघता! आता हा पुन्हा येणार नाही, हे मला लख्ख कळलं. शेवटची बाटली मी घट्ट धरून ठेवली.

"अब्बा, मध खरा आहे."

"किताबात लिहिलंय?"

"किताबात दोन्ही लिहिलंय. खराही गोठतो, खोटाही."

"मग तू बाजू कोणाची घेऊन राहिली, तहसीन? मधाची?"

माझे कान तापले. काढा घ्यायला आलेली कुसुमबाई तोंडाला पदर लावून बघत होती.

"नाही..." मी म्हटलं. "याची."

अब्बांनी माझ्या हातातली बाटली घेतली, चमच्यानं मध खरवडला, चाखला.

"पुढच्या जुम्म्याला एकटा नको येऊ," ते नौशादला म्हणाले. "अम्मी-अब्बांना घेऊन ये."

तो बिचारा पुरता गोंधळला. "मधाचं सांगायले जी?"

"नाही जी," मीच म्हणाले, "मला मागायला."