शनिवारचं मौन

फाटक ढकलून पल्लवी आत शिरली आणि समोरून बादली घेऊन येणाऱ्या तरण्या माणसावर जवळजवळ आदळलीच. बादलीतल्या काकड्या तिच्या पायाशी घरंगळल्या.

"आवं ताई, कोण पायजे?"

ती बोलली नाही. शनिवार होता. मारुतीरायाच्या नावानं दिवेलागणीपर्यंत मौन, हे व्रत तिनं कधी मोडलं नव्हतं. ओठांवर बोट ठेवून तिनं फोटो पुढं केला. हरणाबाई आत्याच्या मांडीवर झबलं घातलेलं माकड.

"आरं देवा... मुकी हाय व्हय," तो पुटपुटला. "ऐकूबी येत नसंल."

तिनं घाईनं हात हलवले. त्यानंही तितक्याच घाईनं हलवले. काय समजला, मारुतीलाच ठाऊक!

विट्याच्या पुढं माळावर असलेलं हे ठिकाण पाळीव माकडांना पुन्हा रानचं करण्यासाठी होतं. रहिमतपुरात आत्यानं छबूला पिल्लू असल्यापासून चहा पाजून वाढवलेलं. वनखात्यानं त्याला इथं आणलं, तसं आत्याचं जेवणावरचं मन उडालं. "जा गं, बघून ये," म्हणून तिनंच पल्लवीला धाडलं होतं.

इथला कारभार तो बादलीवाला तरणा, विश्वजितच, पाहत होता. त्याची एकच ताकीद असे: पिंजऱ्यापाशी कुणी बोलायचं नाही. माणसाचा आवाज आला, की छबू टोळी सोडून जाळीला चिकटायचा, चहासाठी हात पसरायचा. ही सवय सुटली, तरच त्याची सुटका होणार होती.

अशा जागी न बोलणारं माणूस म्हणजे सोनंच. शनिवारी पल्लवीचं शिवणाचं दुकान बंद असे. ती दर शनिवारी येऊ लागली, आडोशाला बसून पाल्याच्या जुड्या बांधू लागली. पिंजऱ्यापासून लांब, चिंचेखाली शेंगा सोलताना मात्र विश्वजितची जीभ सैल सुटे. हिला कुठं ऐकू येतंय!

"काय डोळं हायत गड्या..." तो स्वतःलाच सांगे. "ही हसली, की मी टरफलं माकडांना घालतोय आन् दाणं कचऱ्यात."

पल्लवीचे कान लालेलाल होत. खरं सांगून टाकावं... पण शनिवारी सांगणार कसं? आणि बाकीच्या वारी यायचा धीर होत नव्हता. कळल्यावर तो शरमून पुन्हा बोललाच नाही तर?

एका शनिवारी तो मोबाइलमध्ये बघत बोटं नाचवू लागला. पाणी... बस... जेवलीस का? तिच्यासाठी तो खुणांची भाषा शिकत होता! तिनं पदरानं डोळे टिपले. त्याला वाटलं, खूण चुकली.

छबूला सोडायचा दिवस ठरला. 'शुक्रवार', त्यानं हवेत बोटानं लिहून दाखवलं.

त्या सकाळी पिंजऱ्याचं दार वर गेलं. टोळी झाडांकडं पळाली. छबू उंबऱ्यावरच थांबला... मागं वळून पल्लवीकडं बघत राहिला. आज तिला बोलायला मोकळीक होती. 'जा रं बाळा' एवढंच तर म्हणायचं होतं. पण हाक कानावर पडली, तर तो परत फिरला असता. तिनं ओठ गच्च मिटले. मारुतीराया, तूच सांभाळ...

टोळीतल्या एका मादीनं वळून आवाज दिला. छबूनं कान टवकारले, झेप घेतली आणि पानांत दिसेनासा झाला.

"गेला," विश्वजित म्हणाला. मग तिच्याकडं न बघता हळूच, "आता हिला हितं यायला कारणच ऱ्हायलं न्हाई. कसं सांगू? लग्नाचं इचारायची खूण अजून शिकलोच न्हाई..."

"मग तोंडानंच इचारा की."

तो टुणकन उडाला. "तुमी... बोलता?"

"आज शुक्रवार हाय न्हवं. शनिवारी मौन असतं माझं."

"म्हंजी ते डोळ्यांचं... टरफलांचं..."

"समदं ऐकलंय."

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आन् मी खुळ्यागत येवढ्या खुणा शिकलो! वाया गेल्या की समद्या."

पल्लवीनं हलकेच त्याचे हात खाली घेतले.

"वाया कशापायी जातील? लग्नानंतरबी शनिवार येणारच हायत की..."