मुठीतले जांभळे तुरे

मॅरिट आम्डाल खुर्चीत बसायलाच तयार नव्हती. स्वयंपाकघरात दारापासून खिडकीपर्यंत तिच्या येरझाऱ्या चालू होत्या.

"शेरीफ म्हणतो, आई कुरणात फुलं तोडताना पाय घसरून ओढ्यात पडली. दगडावर डोकं आपटलं," ती म्हणाली. "पण थोराबाई, आपल्या कुरणातलं फूल आईनं कधी तोडलं नाही. लहानपणी मी एक तुरा तोडला, तर कित्येक दिवस माझ्याशी बोलली नव्हती."

थोरा हॉगलंड खासगी तपासाची कामं घ्यायची. ऑरिन तिच्या दिवंगत नवऱ्याचा धाकटा भाऊ. तो तिची गाडी चालवायचा आणि मनात येईल ते बोलून टाकायचा.

"शेवटी शेवटी आई कशी होती?" थोरानं विचारलं.

"अस्वस्थ. गावात चर्चमागं बी पेरून जुन्यासारखा रानफुलांचा माळ उभा केलाय, तो बघायला गेली होती. परत आल्यापासून धड जेवली नाही."

मॅरिटच्या आईच्या, बोर्गहिल्डच्या मुठीत सापडलेले तीन तुरे खिडकीतल्या बरणीत होते. जांभळे, बाटली धुवायच्या ब्रशासारखे दाट. थोरानं एका दांड्यावरून अंगठा फिरवला, मग फुलांखालचे हिरवे खवले नखानं चाचपले.

"ब्लेझिंग स्टार," ऑरिन म्हणाला. "सगळं कुरण यानंच भरलंय, वहिनी."

थोरा नुसतीच "हं" म्हणाली.

कुरणात ऑगस्टचा वारा गवताला क्षणभर उभं राहू देत नव्हता. कुंपणापलीकडं शेजारी एमिल स्ट्रोका तारा ताणत होता. आम्डालांच्या ओल्या कुरणातलं पाणी काढून मका लावायचं त्याच्या डोक्यात होतं, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"बोर्गहिल्डशी भांडायचो की," तो म्हणाला. "दर वसंतात भांडायचो. आता कोणाशी भांडू?"

"कुरण मिळालं तर तुमचा फायदाच."

"मिळतंय कसलं! तिचा मुलगा अर्विड त्या कुरणाच्या नावावर बी विकतो. सोन्याची अंडी देणारी कोंबडी सोडेल तो?" त्यानं पक्कड खाली ठेवली. "त्या दिवशी सकाळी म्हातारी तरातरा चालली होती. हाक मारली, वळली नाही."

"ओढ्याकडं?"

"छे. रस्त्याकडं."

थोरानं ऑरिनला कुरणातल्या एका तुऱ्याजवळ खाली बसवलं. "हात लाव."

"लव आहे दांड्यावर. आणि हे खवले बाहेर वळलेत, टोकं बोटाला लागतात. पण वहिनी, फूल ते फूल."

"असं पुष्कळांना वाटतं."

अर्विड आम्डालचं घर त्याच रस्त्यावर होतं. दारापुढं दगडी पायऱ्या, पायऱ्यांलगत जांभळ्या तुऱ्यांची रांग. टोकाचे काही दांडे मोडलेले होते.

"हरणं," ऑरिनची नजर बघून अर्विड म्हणाला. "आई? ती आठवडाभर इकडं फिरकली नव्हती हो."

"रांग छान आहे," थोरा दांड्यावरून अंगठा फिरवत म्हणाली.

"कॅटलॉगमधून कंद मागवले होते. कुठंही येतात."

"कुरणातलंच फूल ना हे?"

"तेच की. ब्लेझिंग स्टार म्हणजे ब्लेझिंग स्टार."

शेडमध्ये बियांच्या पिशव्या रचल्या होत्या. प्रत्येकीवर छापलं होतं: आम्डाल कुरणाचं अस्सल रानबी.

दुसऱ्या दिवशी सगळे मॅरिटच्या स्वयंपाकघरात जमले. शेरीफ दाराशी उभा होता. कॉफीला कोणी हात लावला नाही.

थोरानं दोन तुरे टेबलावर ठेवले. "हा कुरणातला. दांड्यावर लव, खवले टोकदार, बाहेर वळलेले. हा बोर्गहिल्डबाईंच्या मुठीतला. दांडा गुळगुळीत, खवले बोथट आणि चपटे बसलेले. ही बागेतली जात, अर्विडच्या पायऱ्यांलगत लावलेली. आपल्याकडं रानात उगवत नाही. म्हणजे बाई कुरणात फुलं तोडत नव्हत्या."

स्ट्रोका पुढं वाकून बघू लागला.

"चर्चमागच्या माळावर मी काल संध्याकाळी जाऊन आले. तिथंही गुळगुळीत दांडे. बी अर्विडनं आम्डाल कुरणाचं म्हणून विकलेलं. बाईंनी ते ओळखलं, आणि रागानं त्या रस्त्याला लागल्या. पायऱ्यांजवळचे तुरे त्यांनी पुराव्यासाठी मोडले. हरणं शेंडे खातात, अर्विड. दांडे मोडून नेत नाहीत."

अर्विड टेबलाची कड धरून उभा होता.

"नंतर तू त्यांना ओढ्यावर नेलंस. मुठीत फुलं तशीच राहू दिलीस, कारण कुरणात तीच फुलं आहेत असं तुला वाटलं. आईनं जन्मभर शिकवलेला फरक तुला कधी कळलाच नाही."

"सगळ्या गावाला सांगते म्हणाली," अर्विड पुटपुटला. "मी नुसतं बाजूला ढकललं. पायरीवर पडली. मला काही सुचेना."

मॅरिट त्याच्यासमोर येऊन थांबली.

"ओढ्यात ठेवलीस तेव्हा तिचा श्वास चालू होता का?"

शेरीफनं त्याचा दंड धरला, तरी मॅरिट वाटेतून हलली नाही.

"बघितलं नाही," तो म्हणाला.

"तेवढं तरी बघायचं होतंस," मॅरिट म्हणाली, आणि बाजूला झाली.