दोराच्या अलीकडे

शाळा भरायला अजून पाऊण तास होता, आणि मैदानातल्या अक्रोडाच्या झाडाला एक माणूस कान लावून उभा होता.

तिसरीच्या वर्गाची नवी बाई फाटकातच थबकली. बगलेत तक्त्यांची गुंडाळी, पिशवीत खडूंचा डबा.

"अहो... कोण तुम्ही?"

त्याने डोळे न उघडताच ओठांवर बोट ठेवलं.

"इथं गप्प बसवायचं काम माझं आहे," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. हसरे होते, पण खाली काळी वर्तुळं होती. "माफ करा, बाई. झाड बोलत होतं, मध्येच तोडता आलं नाही."

त्याच्या हातात लाकडी हातोडी होती आणि छातीवर उद्यान खात्याचा बिल्ला. शहरातली जुनी झाडं तपासत फिरायचं, हे त्याचं काम. कुठलं झाड धडधाकट आहे, कुठलं आतून पोखरलंय, हे तो ठोकून, ऐकून, कधी बारीक भोक पाडून ठरवायचा.

"मग काय म्हणालं झाड?"

"अजून काही कबूल करत नाहीये. तुम्ही एवढ्या लवकर कशा?"

त्याने सहज विचारलं आणि तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. हा आठवडा तिच्या वर्गाचा पानगळीचा आठवडा होता. झाडाखालच्या फरशीवर ती खडूने अठ्ठावीस चौकोन आखणार होती, प्रत्येक मुलाला एक. रोज ठरल्या वेळी दहा मिनिटं, आपल्या चौकोनात किती पानं पडली ते मोजायचं, वहीत लिहायचं, त्याचा आलेख काढायचा. शनिवारी पालक येणार, याच झाडाखाली मुलं आपापल्या वह्या दाखवणार. आणि मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, त्याच दिवशी ठरवणार, की हिला कायम करायचं की नारळ द्यायचा.

"पण पाऊस आला तर? आणि पानंच पडली नाहीत तर?"

"पडतील. हमी देतो."

"आणि मंगळवारीच सगळी पडून गेली तर?"

तो हसला. पण कसा, तर खोकला आल्यासारखं करून, तिला वाईट वाटू नये म्हणून. ते तिच्या लक्षात आलं. घरी तिचा मोठा भाऊ तिला 'धडधड' म्हणायचा आणि खदखदून हसायचा. हसू लपवणारं कुणी तिला आजवर भेटलं नव्हतं.

"खडू द्या इकडे," तो म्हणाला. "चौदा चौकोन तुमचे, चौदा माझे."

*

मुलांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं— टकटककाका. मधल्या सुट्टीत तो प्रत्येकाला खोडावर हातोडी मारू द्यायचा. "डोळे मिटा. इथला आवाज कसा आहे? आणि इथला?"

"इथं जाडा, इथं बारीक!" वर्गातला चष्मिस ओरडला.

सगळ्यात मागे 'खोडरबर' उभी होती. ही मुलगी लिहिलेलं सगळं खोडून टाकायची. बरोबर असलेलंसुद्धा. तिच्या वहीची पानं भोकं पडेपर्यंत घासलेली असायची. चूक झाली तर, या एका धास्तीने तिने जूनपासून एकही गणित बाईंच्या हाती दिलं नव्हतं. त्या दिवशी तिने हातोडी मारली, कान लावला, आणि कुणालाही ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "इथं... रिकामं वाजतंय."

त्याचं हसू मावळलं. क्षणभरच. "पुन्हा सांग," तो खाली वाकून म्हणाला. तिने पुन्हा सांगितलं. "वहीत लिही. आणि खोडू नकोस बरं का, मला लागणार आहे ते."

तिने लिहिलं. खोडलं नाही. बाईने ते दुरून पाहिलं.

मंगळवारी तो आला. बुधवारीही आला, यंत्र आणायला विसरलो म्हणून पुन्हा दुपारी आला.

"काय गं," चौथीच्या बाई डब्याचं झाकण उघडता उघडता म्हणाल्या, "झाडाची तब्येत फारच नाजूक दिसतेय. दिवसातून दोनदा डॉक्टर?"

"काहीतरीच काय, ताई!"

"मी झाडाचंच म्हणतेय. तू का लाल झालीस?"

बुधवारी दुपारी दोघं पारावर बसून मुलांनी गोळा केलेले अक्रोड सोलत होते. हिरव्या सालीने तिची बोटं काळपट तपकिरी झाली होती.

"हे जात नाही," तो म्हणाला.

"साबणाने?"

"पंधरा दिवस तरी नाही. मी आठवेनच तुम्हाला. निदान भांडी घासताना."

"फारच खात्री आहे स्वतःची!"

"सालीची आहे. स्वतःची कुठली?" त्याने मान खाली घातली. "बरं, आज कशाची काळजी आहे?"

"चष्मिसने वही हरवलीय. पालकांना बसायला बाकं कमी पडताहेत. आणि..."

"आणि?"

"आणि... तुमची तपासणी संपत आली असेल ना?"

त्याने एक अक्रोड उगाचच दोनदा सोलला. वरून एक पान गिरक्या घेत आलं आणि तिच्या केसांत अडकलं. ते काढायला त्याचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला, आणि मागे गेला.

त्या रात्री— नाही, रात्रीचं सोडा. पण गुरुवारी सकाळी तिने नेहमीच्या तीनऐवजी चार वेळा केस विंचरले, एवढं मात्र खरं.

*

गुरुवारी तो आला तेव्हा त्याच्या खांद्यावर दोराचं वेटोळं होतं.

"बाई, बोलायचंय." आवाज कोरडा होता. "काल भोक पाडून पाहिलं. त्या मुलीने बरोबर सांगितलं होतं. खोडाच्या एका बाजूला आत काहीच उरलेलं नाही. झाड कापून उतरवावं लागेल. शनिवारी दुपारी माणसं येतील. पण आजपासून याच्याखाली कुणीही जायचं नाही."

तिला वाटलं, पायाखालची फरशी कुणीतरी ओढली. "शनिवारी तर प्रदर्शन आहे!"

"माहीत आहे."

"सगळं इथं मांडलंय... चौकोन, तक्ते टांगायच्या दोऱ्या. दोनच दिवस! इतकी वर्षं उभं आहे, आणखी दोन दिवस नाही राहणार?"

"राहीलही. नाहीही राहणार."

"म्हणजे नक्की नाही ना?"

"नक्की कधीच नसतं."

"मग..." मागायला नको ते तिने मागितलं. "माझ्यासाठी?"

त्याचा चेहरा एकदम पांढरा पडला.

"तुमच्यासाठी म्हणूनच नाही म्हणतोय," तो म्हणाला.

"बोलायला छान आहे. नोकरी माझी जाईल, तुमची नाही." तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. "बांधा तुमचा दोर. आणि यापुढे कृपा करून मधल्या सुट्टीत येऊ नका. मुलांचं लक्ष विचलित होतं."

तो झाडाभोवती खुंट्या ठोकत राहिला. वर्गातून प्रत्येक ठोका तिला ऐकू येत होता. अठ्ठावीस चौकोन दोराच्या पलीकडे राहिले. मोठ्या बाईंनी तिला बोलावून एवढंच सांगितलं, "प्रदर्शन वऱ्हांड्यात घ्या. जमेल ना?" ती हो म्हणाली. काय जमेल, कसं जमेल, तिला काही सुचत नव्हतं.

*

शुक्रवारी सकाळपासून वारा सुटला. खिडक्यांची दारं आपटत होती, तक्ते भिंतीवरून उडत होते. मधल्या सुट्टीत तिने मुलांना वऱ्हांड्याबाहेर जायचं नाही असं बजावलं आणि स्वतः स्टुलावर चढून तक्ते चिकटवायला लागली.

आणि तो आवाज आला. आधी कुरकुर, मग कापड फाटावं तसा लांबलचक चर्रर्र... आणि मग जमीन हादरली.

ती स्टुलावरून कशी उतरली, तिला कळलं नाही. "सगळे भिंतीला! हात धरा! मोजते मी!"

सत्तावीस.

पुन्हा मोजलं. सत्तावीस.

"खोडरबर कुठाय?" चष्मिसने विचारलं. "ती तर पानं मोजायला गेली, बाई. तिच्या वहीत शुक्रवार राहिला होता."

ती पळाली. अनवाणीच, कारण स्टुलावर चढताना चपला काढल्या होत्या. मैदानात धूळ उठली होती, काही दिसत नव्हतं. खोलीएवढी फांदी त्या चौकोनांवर आडवी पडली होती. पानांचा नुसता ढीग. तिने हाक मारायला तोंड उघडलं.

"इकडे! बाई, इकडे!"

दोराच्या अलीकडे, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला तो गुडघ्यांवर बसला होता, आणि त्याच्या कुशीत खोडरबर. दोघंही धुळीने माखलेले. मुलीने वही छातीशी घट्ट धरली होती.

"दोराखालून वाकून आत निघाली होती," तो म्हणाला. "पकडली मी. काही झालं नाही. काही झालेलं नाही."

तिने मुलीला ओढून घेतलं, तिचं डोकं, हात, पाय चाचपले, पुन्हा पुन्हा चाचपले. मग त्याच्याकडे पाहिलं. "तुम्ही... इथं कसे?"

"रजा टाकली होती. वारा सुटला तेव्हा घरात बसवेना. सकाळपासून फाटकाजवळ उभा आहे. तुम्ही मधल्या सुट्टीत येऊ नका म्हणालात, म्हणून आत येत नव्हतो. ही दोराकडे जाताना दिसली, मग आलो."

चौथीच्या बाई धावत आल्या आणि मुलीला घेऊन गेल्या. ती दोघं टाकीला टेकून बसली.

"दोन वर्षांपूर्वी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "दुसऱ्या एका रस्त्यावर, एका दुकानदाराने मला असेच दोन दिवस मागितले होते. भला माणूस होता. मी दिले. दुसऱ्या दिवशी फांदी पडली... त्याच्याच पायावर. वाचला, पण काठीशिवाय चालत नाही. तेव्हापासून मी नीट झोपलो नाही. काल तुम्ही मागितलेत, आणि एक क्षण... एक क्षण, बाई, मी देणार होतो. तुम्ही रडू नये म्हणून."

वारा अजून घोंघावत होता. तिने आपली डागाळलेली बोटं त्याच्या मनगटावर ठेवली आणि काही वेळ तशीच राहू दिली.

*

शनिवारी वऱ्हांड्यात दाटी झाली. बाकं कमी पडली, तक्ते वाकडे लागले, एका आलेखावर कुणीतरी पाणी सांडलं. मुलांनी मात्र आपापल्या वह्या ठणठणीत आवाजात वाचल्या. शेवटी खोडरबर उभी राहिली. तिची वही बाईने आधी पाहिली नव्हती.

"सोमवार, अकरा पानं. मंगळवार, चौदा. बुधवार, तेवीस. गुरुवारी दोर होता, म्हणून लांबून अंदाजे, तीस." तिने श्वास घेतला. "शुक्रवार. पानं मोजता आली नाहीत. सगळीच पडली. मी दोराच्या आत जात होते, ते चुकलं. पण हे मी खोडणार नाही."

तिच्या वडिलांनी चष्मा काढून डोळे पुसले.

मोठ्या बाई जाताना नव्या बाईजवळ थांबल्या. "तक्ते वाकडे होते हं." ती घाईने जवळचा तक्ता सरळ करायला लागली. "पुढच्या वर्षी सरळ लावा. आणि त्याच्या पुढच्या वर्षी तर नक्कीच."

ते वाक्य तिला नीट कळायला वऱ्हांड्याच्या तीन पायऱ्या उतराव्या लागल्या. चौथ्या पायरीवर ती मटकन बसली आणि रडली, आणि मग पळत मैदानात गेली.

झाड उतरवून झालं होतं. माणसं करवती गोळा करत होती. तो हात झटकत तिच्याकडे आला.

"काय झालं? रडलात? नाही केलं कायम?"

"केलं."

"मग?"

"गुरुवारी मी तुम्हाला काय काय बोलले..."

"मुलांचं लक्ष विचलित होतं म्हणालात. खरं तर माझंच होत होतं." तो थांबला. मग एकदम, पाण्यात उडी मारावी तसं बोलून गेला, "मला तू आवडतेस. सोमवारपासून. आता या शाळेत माझं काही काम उरलं नाही, म्हणून सांगतोय. उत्तर आत्ताच दे असं नाही..."

"थांबा, मला विचारायचंय. तुमच्या घरी काय म्हणतील? मी सारखी काळजी करते, ती तुम्हाला झेपेल? उद्या कंटाळलात तर? आणि..." तिचा श्वास संपला. "आणि तूसुद्धा मला आवडतोस. पण मला फार भीती वाटतेय."

"मलाही," तो म्हणाला. "सकाळपासून हातपाय गार पडलेत."

"मग आता काय करायचं?"

त्याने गंभीरपणे विचार केला.

"दोघं मिळून घाबरू," तो म्हणाला.

ती हसली. तो तिचा हात धरायला पुढे झाला, आणि या वेळी त्याचा हात अर्ध्यावर थांबला नाही.